फॉर्मवरची रेणुका

पिंपळगाव रेणुकाईत नंदाबाईनं एकदा ठरवलं की ठरवलं. मग नवरा असो, सरपंच असो नाहीतर सरकार, कुणी मध्ये पडायचं नाही. तिचा थोरला बबलू बियाण्याच्या कंपनीकडून व्हिएतनामला गेला आणि तिथल्याच एका पोरीशी रजिस्टर लग्न करून बसला, तेव्हा बाईनं आठ दिवस त्याचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी तिनंच फोन लावला आणि विचारलं, "पोरगी जेवली का?"

वर्षानं सून पहिल्यांदा गावी आली. बाईनं देवीच्या देवळात दोघांना पुन्हा हार घालायला लावले, ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं: रेणुका. "फोनवर सांगितलेलं ते नाव माझ्या जिभेला वळत न्हाई," म्हणाली, विषय संपला. पोरगी बिचारी हसून मान डोलवत होती. तिला जेवढं मराठी येत होतं, त्यातलं निम्मं "बस झालं" आणि "पोट भरलं" हेच होतं.

आता परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांत ऑनलाईन कळवावं लागतं. नवा कायदा कडक आहे. बबलू निघाला होता, पण बाईनं अडवलं. "घर माझं, सून माझी. मी जाते." पासपोर्ट पिशवीत घालून ती जीपनं भोकरदनला गेली, फॉर्म भरणाऱ्या रामकिसनच्या दुकानात.

रामकिसन पासपोर्टात बघून नाव टाईप करू लागला, तशी ही खेकसली. "ते काय घालून राह्यला? लगीन झालं तिचं. रेणुका घाल!"

"मावशी, पासपोर्टावर जे हाय तेच..."

"तुझ्या बायकोचं नाव बदललं न्हाई का रे लग्नात?"

बदललं होतं. रामकिसननं मुकाट्यानं रेणुका घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप दारात. तरण्याताठ्या फौजदार प्रियदर्शनी मॅडम उतरल्या, हातात कागद. "पासपोर्ट एकीचा आणि नाव दुसरीचं. वरून विचारणा आलीय, ही रेणुका कोण आणि व्हिएतनामची बाई गेली कुठं? आज खुलासा गेला नाही तर प्रकरण पुढं जाईल. सुनेला परत पाठवायचीसुद्धा वेळ येईल."

नंदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण तोंड काही थांबलं नाही. "येकाच बाईची दोन नावं हायेत, त्यात काय झालं? ह्या गल्लीत कोण एका नावाची हाय? ये गं सुरेखा, सांग!"

शेजारची सुरेखा पिठाच्या हातानंच पुढं आली. "मी म्हायेरची बेबीनंदा. हितं आले अन् सुरेखा झाले." मागून आणखी दोघी ओरडल्या. कुंपणापलीकडून एका म्हातारीनंही आपलं नाव सांगितलं, तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.

"मंग सगळ्यांनाच न्या जीपीत!" नंदाबाई म्हणाली.

मॅडमना हसू आवरेना. पण पाटावर बसून त्या शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तुमचं मन मला कळतं. पण उद्या कुणी खोटे कागद घेऊन शिरला आणि म्हणाला, सासरी नाव बदललं, तर मी त्याला ओळखू कशी? माणूस कोण आहे हे एकदा पक्कं कळलं पाहिजे. फॉर्म तुम्ही भरला, जबाबही तुमचाच. मुलानं बोलायचं नाही. सांगा, सुनेचं पासपोर्टावरचं नाव काय?"

नंदाबाईनं बबलूकडं बघितलं, त्यानं जमिनीकडं. रखमाजी, तिचा नवरा, उगाच खोकला.

पोरीला तीन दिवस पुरणपोळ्या चारल्या, केसाला तेल लावलं, साडी नेसवली. पण नाव? बाईला फार लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"मला न्हाई ठावं, मॅडम," ती म्हणाली. "मी नीट विचारलंच न्हाई कधी. चूक माझी हाय, पोरीची न्हाई. जबाबात तसंच लिहा." मग सुनेकडं वळली. "बाई, तुझं नाव काय गं?"

"ले थी त्वियेत."

"तुयेत."

"त्वियेत."

"तव... त्वे... थांब गं! त्वियेत."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चेहरा पासपोर्टाशी ताडून पाहिला, जबाब लिहिला, बाईची सही घेतली आणि फॉर्म तिथंच मोबाईलवर दुरुस्त करून पाठवला. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत वरून उत्तर आलं. "मिटलं, मावशी. राहू द्या सुनेला खुशाल." जीप धूळ उडवत गेली.

बाया हसत खिदळत पांगू लागल्या. तेवढ्यात सुनेनं नंदाबाईचा पदर धरला आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "आई, तुमचं? आधीचं?"

"माझं काय करती आता? झाली बेचाळीस वर्षं," नंदाबाई म्हणाली. पण पोरगी पदर सोडेना.

"दैवशाला," ती हळूच म्हणाली.

"आरं, हो की!" रखमाजी चमकून म्हणाला. "मी तर इसरूनच गेल्तो."

"दैवशाला," सून म्हणाली. पहिल्याच झटक्यात, एकही अक्षर न चुकता.

नंदाबाईचे डोळे भरून आले. "पुन्ना एकदा म्हण, त्वियेत," ती म्हणाली.