घरचं आणि गाडीचं

मुलांनो, चंबळकाठचं एक अंगण डोळ्यांपुढे आणा. म्हशींची धार नुकतीच काढून झाली आहे. चुलीजवळ लहान कॅन, गोठ्यात मोठा कॅन. लहान घरचा, मोठा गाडीचा. घरचं दूध प्यायचं, आणि बापू गाडीच्या दुधात पाणी, तेल, कपडे धुण्याची पावडर घुसळत असले की तिकडे बघायचं नाही, एवढं दहा वर्षांच्या बैजंतीला पक्कं ठाऊक होतं.

तिचा बाप पूरन काही राक्षस नव्हता. पण शहरात दूध नेणारी गाडी एकच, तेजसिंगची. आणि अर्ध्या कॅनसाठी ती कुणाच्या दारात थांबत नसे. उन्हाळ्यात म्हशी आटल्या की गावभर हेच चाले.

त्या सकाळी ग्वाल्हेरहून थोरल्या लेकीचा, सुगनाचा फोन आला. ती सासरी गेली तेव्हा या घरात एकच कॅन होता. तिच्या तान्हीचे जुलाब काही केल्या थांबत नव्हते.

"दुधाची काळजी नको हं, अम्मा," ती म्हणाली. "मी आपल्या गावच्या गाडीचंच घेते. सासू चिडवते, माहेरचं पाणीसुद्धा गोड लागतं म्हणे हिला."

फोन ठेवून पोरींच्या आईनं, सरबतीनं नवऱ्याकडे पाहिलं. उद्यापासून तिला घरचं पाठवू, तो पुटपुटला.

"आणि बाकीच्यांची पोरं दगडाची आहेत?"

तो उत्तर देणार, तोच दारात अन्न खात्याची जीप थांबली. विक्रीला जाणाऱ्या दुधाचा नमुना हवा, असं अधिकारी बाईंनी सांगितलं. समोरच्या ओट्यावर तेजसिंग येऊन बसला. पूरनकडे बघत राहिला.

पूरननं बैजंतीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीची शपथ, मॅडमजी. जे शहरात जातं तेच ही रोज पिते." मग खाली वाकून म्हणाला, "बिटिया, पाहुण्यांना घरचं आण."

बाईंना त्या शब्दात काही वावगं वाटलं नाही. गल्लीत जमलेल्यांना मात्र तो बरोबर कळला.

डोक्यावरचा हात तसाच होता. मुलांनो, त्या हाताखाली तुम्ही असता तर?

बैजंती हाताखालून सरकली आणि गोठ्यात गेली. मोठा कॅन तिला उचलेना, म्हणून ती तो ओढू लागली. चुलीपुढून सरबती उठली. नवऱ्याकडे न पाहता तिनं दुसरी कडी धरली.

"हे गाडीचं," बैजंती बाईंना म्हणाली. "माझी भाची हे पिते. मी नाही पीत."

आणि तिनं आपल्या हातानं झाकण काढलं.