बरणीतलं दर्याचं फूल

"जाफरमियाँ, ते तुमच्या घरचं दर्याचं फूल अजून जगलंय का?" डॉक्टर चन्नबसप्पांनी औषधाच्या खिडकीतून आत डोकावून विचारलं.

जाफरमियाँ खलात पूड घोटत होते. हात न थांबवता म्हणाले, "जगलंय की डॉक्टरसाब. कालच जेवलंय."

"मग उद्या सकाळी इथं आणा. एका दिवसापुरतं. सोलापूरचे धोंडप्पा वकील येतायत, त्यांच्या मुलासाठी आमच्या महानंदाला बघायला. त्यांना काचेच्या टाकीत मासे पाळायचा नाद आहे म्हणे. टेबलावर काहीतरी बघण्यासारखं असलेलं बरं."

"आणतो," जाफरमियाँ म्हणाले. डॉक्टरांशी दुसरं काही बोलायची त्यांना सवयच नव्हती.

उमरग्याला सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला हा दवाखाना. निजामाच्या राज्यात जाफरमियाँ तिथं कंपाउंडर म्हणून लागले. निजाम गेला, हैदराबाद स्टेट गेलं, मुंबई राज्य आलं आणि गेलं, महाराष्ट्र होऊनही आता तीन वर्षं झाली. पाटीवरची अक्षरं दोनदा बदलली, पण खिडकीमागचं स्टूल आणि त्यावरचे जाफरमियाँ काही हलले नाहीत. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, हे औषध बनवत, बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून डोसच्या खुणा करत. गुण आला की लोक डॉक्टरांच्या पाया पडत आणि औषध कडू लागलं की खिडकीला शिव्या देत. सव्वीस वर्षांत चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा एक थेंब कमी किंवा जास्त त्यांच्या हातून पडला नव्हता.

आता हे फूल उमरग्यासारख्या कोरड्या गावात आलं कसं? तर फकीर नावाच्या एका ट्रक ड्रायव्हरचा पाय सडायला लागला होता. डॉक्टरांनी जखम पहिल्या दिवशी पाहिली. पुढचे वीस दिवस ती जाफरमियाँनी धुतली, बांधली, आणि पाय वाचला. फकीरनं त्याची जाण ठेवली. रत्नागिरीला गूळ उतरवून परत येताना त्यानं एका डब्यात समुद्राचं पाणी भरलं आणि त्यात एक दगड घालून आणला. दगडाला एक लालभडक गोळा चिकटला होता, मोठ्या जांभळाएवढा.

"लोकं दर्यावरनं मोती आणत्यात," जाफरमियाँच्या बायकोनं, नसीमबीनं, तोंड वाकडं केलं. "ह्यानं धोंडा आणला."

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तो गोळा शेवंतीसारखा उमलला. मग नसीमबीचं तोंडही सरळ झालं. शेजारपाजारचे बघून गेले. चार दिवस सगळ्यांनी त्याला फूलच समजून पाण्यावर ठेवलं. पाचव्या दिवशी बरणीत एक माशी पडली आणि फुलानं पाकळ्या आवळून ती आत ओढली.

"या अल्ला!" नसीमबी किंचाळली. "फूल माशी खायलंय!"

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, ज्वारीच्या दाण्याएवढा मटणाचा तुकडा चिमट्यात धरून जाफरमियाँ त्याला भरवू लागले. पाण्याची काळजी मात्र त्याहून मोठी होती. इथं दुष्काळात माणसाला प्यायचं पाणी मिळायची मारामार, तिथं समुद्राचं कुठून आणायचं? पण जाफरमियाँ कंपाउंडर होते. दवाखान्यात लघवी तपासायची एक काचेची कांडी असते. पाणी जितकं जड तितकी ती वर तरंगते. तसली एक कोरी कांडी त्यांनी पहिल्याच दिवशी फकीरच्या पाण्यात सोडून कितवी रेघ येते ते भिंतीवर लिहून ठेवलं होतं. मग खडेमीठ, जुलाबाचं मीठ, खायचा सोडा आणि आणखी एक-दोन क्षारांच्या चिमट्या, असं करत करत त्यांनी गोड्या पाण्याला त्या रेघेवर आणलं. नव्या पाण्यात फूल चार दिवस मिटून बसलं. जाफरमियाँना चार दिवस भाकर गोड लागली नाही. पाचव्या दिवशी ते उमललं, तेव्हा ईद नसताना त्यांनी घरात शिरखुर्मा करायला लावला.

त्याला तीन वर्षं झाली. जाफरमियाँचा त्या बरणीवर फार जीव होता आणि त्याचं कारणही त्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर माणसं जगवली होती. हा एकच जीव असा होता, की ज्याची चिठ्ठीही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी ते बरणी छातीशी धरून चालत दवाखान्यात आले. हादऱ्यांनी फूल मिटलं होतं, पण वकिलांची मोटार येईपर्यंत पुन्हा उमललं. दवाखान्याला लागूनच डॉक्टरांची बैठक होती. धोंडप्पा वकील आत आले ते थेट टेबलाकडेच गेले. महानंदा पोहे घेऊन आली तरी त्यांचं डोकं बरणीवरून हलेना. त्यांच्या पत्नी मथुराबाईंनीच मुलीला शेजारी बसवून घेतलं, दोन प्रश्न विचारले, पाठीवरून हात फिरवला.

"काय चीज आहे हो डॉक्टर!" वकील म्हणाले. "हे खातं काय?"

"फुलाला काय लागतं?" डॉक्टर हसले. "खारं पाणी, बस्स."

"माझ्या अख्ख्या टाकीत असं काही नाही."

"आवडलं ना? मग तुमचंच झालं. घेऊन जा."

औषधाच्या खिडकीत जाफरमियाँच्या हातातली बाटली काठोकाठ भरून वाहू लागली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी औषध सांडलं.

तेवढ्यात डॉक्टर खिडकीशी आले. "जाफरमियाँ, ते कसं ठेवायचं ते लिहून द्या."

"डॉक्टरसाब, एका दिवसापुरतं म्हनला व्हता तुम्ही."

"अहो, तोंडातून गेलं. आता काय परत मागू?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. लिहा."

जाफरमियाँनी लिहिलं. कोणतं मीठ किती, कांडीची रेघ कुठं हवी, आणि पाणी आटलं तर वरून गोडंच पाणी घालायचं, कारण आटतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. सगळ्यात खाली लिहिलं, 'आठवड्यातून दोनदा मटणाचा बारीक तुकडा.' डॉक्टरांनी कागद वाचला आणि ते दबक्या आवाजात ओरडले.

"हे काय? लिंगायताच्या घरी जायचंय हे. फूल म्हणून सांगितलंय मी त्यांना!"

"खातं तेच लिवलंय."

"सोयरीक मोडायचीय का माझी?"

"मग उपाशी मरंल की ते, डॉक्टरसाब."

"मेलं तर मेलं. तोवर लग्न झालेलं असेल." डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचता येणार नाही अशी खोडली आणि सवयीनं खाली सही करून कागद वकिलांना नेऊन दिला.

जाफरमियाँ स्टुलावर बसून राहिले. महानंदा त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. लहानपणी खोकला नसतानाही ती खिडकीशी येऊन खोकायची आणि गोड औषधाचा चमचा मिळवायची. तिचं लग्न आपल्या एका शब्दानं मोडावं, असं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. पण ते फूल दोन-तीन महिन्यांत सुकून हरभऱ्याएवढं होईल आणि एक दिवस दगडावरून गळून पडेल, हेही दिसत होतं. बाहेरून डॉक्टरांची हाक आली, "जाफरमियाँ, तेवढी बरणी मोटारीत ठेवा."

मथुराबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. पुरुषमंडळी अजून ओट्यावर निरोप घेत होती. जाफरमियाँनी बरणी बाईंच्या हातांत दिली, पण आपले हात काढले नाहीत.

"बाईसाहेब, एक सांगायचं हाय. रागावू नका. महानंदा पोर लई गुणाची हाय, तिचा ह्याच्याशी काय संबंध न्हाय."

"काय झालं?"

"हे फूल न्हाय. जनावर हाय. मटण खातंय. नुसत्या पाण्यावर जगत न्हाय ते."

बाईंचे हात बरणीवरून चटकन उचलले गेले. बरणीचा सगळा भार पुन्हा जाफरमियाँच्या हातांत आला, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आता बाई म्हणतील, न्या बाबा परत. खरं तर त्यांच्या बोलण्यात ही आशा अर्धी होतीच, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

मथुराबाईंनी ओट्याकडे पाहिलं. महानंदा दाराच्या चौकटीत उभी होती. मग बाईंनी पदर नीट केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आठवड्यातनं किती येळा?"

"दोनदा," जाफरमियाँ म्हणाले. "दाण्याएवढाच तुकडा. दुसऱ्या दिवशी उरलेलं बाहेर टाकतंय, ते काढून घ्यायचं."

"देवघराच्या बाजूला न्हाय ठेवता येणार. मागच्या पडवीत ठेवीन. तुकडा कोण आणून देईल ते बघते मी." त्यांनी दोन्ही हातांनी बरणी आपल्याकडे ओढली. "ह्यांना सांगू नका. मीही सांगत न्हाय."

जाफरमियाँना हात काढावे लागले.

मोटार सोलापूरच्या दिशेनं गेली. डॉक्टरांनी संशयानं विचारलं, "काय सांगत होता एवढं?"

"बरणी सरळ धरा म्हनलो," जाफरमियाँ म्हणाले आणि आत जाऊन सांडलेलं औषध पुसू लागले.

पंधरा दिवसांनी पसंतीचं पत्र आलं. दवाखान्यात पेढे वाटले गेले, जाफरमियाँनाही दोन मिळाले. महानंदाचं चांगलं झालं याचा त्यांना मनापासून आनंद होता. पत्रात बरणीविषयी काही आहे का, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"कसली बरणी?" डॉक्टर म्हणाले.

घरी फळीवर तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याची एक बाटली उरली होती. महिना झाला तेव्हा नसीमबी म्हणाली, "त्या फकीर डायवरला दुसरं आणाय सांगा की."

"नको."

"मग ते पाणी तरी कशाला ठेवलंय? पिता येईना, झाडाला घालता येईना."

जाफरमियाँनी बाटली उचलली, अंगणातलं लिंबाचं झाड चुकवून रस्त्याच्या कडेला उघड्या मुरमावर ओतली आणि उपडी धरून शेवटचा थेंब पडू दिला. दिवसभराच्या उन्हात मुरूम वाळून पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तुळजाबाईंची शेळी तिथं येऊन जमीन चाटत होती. नसीमबी काठी घेऊन धावली.

"जुलाबाचं मीठ हाय न्हवं त्यात?"

"चाटू दे," जाफरमियाँ म्हणाले. "एवढ्यानं काय व्हत न्हाय तिला."

दवाखान्याची वेळ झाली होती. टोपी घालून ते दारातच उभे राहिले. शेळीनं सगळं मीठ चाटून संपवलं, तोंड वर केलं आणि ती निघून गेली. मग जाफरमियाँही निघाले.