मखमलीची लव

"काम कधी थांबवणार?" हा प्रश्न कातरीला सगळ्यांनी विचारून झाला होता. नवऱ्याने विचारला, सासूने विचारला, शेजारणीने तर जिन्यात अडवून विचारला. एखादीला दिवस गेले की बाकीच्यांना दुसरा उद्योगच उरत नसावा. तिचं उत्तर ठरलेलं होतं: "कळा सुरू झाल्या की." आधी घेतलेली रजा बाळाच्या वाट्यातून जाणार, मग नुसतं पोट घेऊन घरी बसायचं कशाला? बाळ कुशीत आल्यावर बसू की. आणि यात तिचं काही चुकत होतं असंही नाही.

कातरी हे नाव तिला शिवणघरात पडलं होतं. हात आणि जीभ, दोन्हींना सारखीच धार. कटिंगच्या लांबरुंद टेबलाशी ती आणि मास्तर अशी दोघंच. मास्तरांनीच तिला या कामात तयार केलं होतं. भारी कापड आलं की त्यावर कागदी पॅटर्न ठेवून खडूने आखायचं मास्तरांनी आणि कापायचं तिने, अशी तिथली रीत. मास्तरांच्या आखणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"पोरी, आता पुरे कर," एकदा मास्तर म्हणाले. "पोटामुळे तुझा हात पलीकडे पोचत नाही. टेबल काही पळून जात नाही कुठे."

"तुमचा चष्मा दर वर्षी जाड होतोय, मी काही म्हणते का?"

मास्तर खो खो हसले. तीही हसली. पुढे हेच वाक्य तिला फार छळणार होतं.

त्या आठवड्यात एका गायिकेच्या लांब कोटासाठी गर्द निळी मखमल आली. मोजकीच होती, आणि तसली पुन्हा मिळणार नव्हती. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर खरखरीत. आणि उलट्या लवेचा तुकडा उजेडात वेगळ्याच रंगाचा दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात. मास्तरांनी तसे आखले आणि ते जेवायला गेले.

कातरीने कोटाच्या पाठीचा अलीकडचा भाग कापला. पलीकडच्यासाठी वाकली तर पोट मध्ये. रेलून पाहिलं, कापड ओढून पाहिलं, शेवटी तिने कापडच फिरवून घेतलं. साध्या सुती कापडाला ती हल्ली गुपचूप असंच करत होती. पण या ओढाताणीत खडूच्या रेघा पार पुसून गेल्या. मास्तरांना हाक मारावी तर ते पुन्हा म्हणणार, पुरे कर. मग तिने स्वतःच पॅटर्न ठेवला, सवयीने गळा पलीकडे आणि घेर आपल्याकडे. आखलं आणि कापून टाकलं. कापड फिरलंय, म्हणजे लवही फिरलीय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

कोट शिवून खिडकीशी टांगला, तेव्हा पाठ अर्धी निळी आणि अर्धी काळपट दिसली.

"आखणी कुणाची?" मालकीणबाईंचा आवाज चढला.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझीच," ते म्हणाले. "माझ्याशिवाय कोण आखणार?"

कातरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिथेच अडलं. उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. कंबर धरली म्हणून रजा टाकली.

"आली एकदाची अक्कल!" नवरा खूश झाला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी काम सोडलं आणि त्यांच्या जागी नवा मास्तर आला, हे तिला फोनवर कळलं. तिला कधी थांबणार म्हणून जगाने विचारलं होतं. मास्तरांना कुणी विचारलंही नाही.

मुलगी झाली. आधी गेलेले थोडे दिवस सोडले तर जिवापाड राखलेली रजा तिला पुरेपूर मिळाली, पण त्यातला एक दिवसही गोड लागला नाही. पोरीला पाजतानासुद्धा तिला तो चष्मा पुसणारा हात दिसायचा. मूल मान धरू लागलं तशी ती त्याला घेऊन मास्तरांकडे गेली.

मास्तर खिडकीशी बसले होते, रिकामे हात मांडीवर. पोरीला पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी उठून कपाटातून एक निळं टोपडं काढलं.

"त्याच मखमलीचं. वाया गेलेला कोट बाईंनी मलाच देऊन टाकला. आता दिसत नाही ग नीट, बोटांनी चाचपत बेतलंय. बघ, बरं झालंय का."

कातरीने टोपड्यावरून हात फिरवला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. सगळे तुकडे एकाच दिशेचे होते. लव कुठेही उलटी लागली नाही.

"वेळेवर थांबलो ते बरं झालं," मास्तर म्हणाले. "आधी फार लागलं मनाला. मग म्हटलं, डोळेच गेले तर कुणाला दोष द्यायचा? आता काही वाटत नाही."

ते खरंच समाधानी दिसत होते. गप्प बसावं, असं तिला वाटून गेलं. पण गप्प बसून काय होतं ते तिला पुरतं ठाऊक झालं होतं. तिने सांगून टाकलं: पोट, पुसलेला खडू, फिरवलेलं कापड, सगळं.

मास्तर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी टोपडं तिच्या हातून परत घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "मला अजून येत होतं."