पाण्यात चाळलेली माती

कुंभाराचा हात सोन्याचा, पण तोंड उघडलं की एरंडेल. तपकिरी भांड्यावर पांढऱ्या मातीच्या पातळ लेपानं तो असा वेल काढायचा, की माणसं भांडं उचलून बोटांनी चाचपत. तेरा वर्षांपूर्वी ती भांडी त्यानं एकाएकी सोडली. विचारलं तर म्हणे, फॅशन गेली.

कसली फॅशन न् कसलं काय! बायकोचा खोकला थांबेना म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरनं ह्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तिच्या छातीत मातीची धूळ बसलीय आणि ती आता निघायची नाही. लेपाची माती चाळायचं काम तिचंच. वाऱ्यानं पूड वाया जाऊ नये म्हणून खिडक्या लावून, कोरडीच चाळायची. खिडक्या लावायला सांगणारा हाच. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, दमा आहे.

आता ती नुसती काडी झाली होती. चार पावलं टाकली की धाप. लेक सासरहून येऊन राहिली होती. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, ती वेलाची भांडी एकदा करा ना. डोळे मिटायच्या आत बघायचीत मला." त्यानं आढेवेढे घेतले, हात राहिला नाही म्हणाला, खेकसलासुद्धा. पण मरणाऱ्या माणसापुढे हेका किती चालवणार?

भांडं घडलं, अर्धवट सुकलं. लेप कालवायच्या दिवशी बायकोनं हट्टानं खुर्ची कामाच्या खोलीच्या दारात मांडायला लावली. झाली पंचाईत! तिच्यासमोर पूड उडवायचा त्याला धीर होईना. त्यानं बादलीत पाणी घेतलं, पूड हलकेच सोडली, भिजू दिली आणि ओलीच चाळणीतून घासून काढली. धुळीचा कण उडाला नाही.

"असंही चाळता येत होतं?" बायकोनं विचारलं.

खोटं बोलायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तेरा वर्षं बोललाच होता की. पण आज जीभ रेटेना.

"येत होतं. चाळणी तुंबते, वेळ लागतो."

"किती?"

"अर्धा तास जास्त."

ती लेकीला हाक मारून आत गेली.

भट्टी उघडली तेव्हा भांडं असं निघालं, की उभ्या आयुष्यात त्याच्या हातून तसं निघालं नव्हतं. दैवाची थट्टा, दुसरं काय! ते दोन्ही हातांत धरून तो तिच्या खाटेपाशी गेला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"लेकीला दाखवा," ती म्हणाली. "आणि तिला सांगा, ह्याची माती पाण्यात चाळलीय."

लेक दारातच होती. तिला काही उमगेना. "म्हणजे काय, बाबा?"

कुंभारानं भांडं खाली ठेवलं. खाटेच्या पायाशी बसला आणि बायकोलाही ऐकू जाईल अशा आवाजात, डॉक्टर काय म्हणाला होता ते पहिल्यापासून सांगायला लागला.