ताईंच्या कानांवर बसलेला मी

मित्रांनो, ताईंच्या कापडी पिशवीतून रोज ये-जा करणारा हा जुना हेडफोन म्हणजे मी. माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझे कान उघडले ते रेडिओ केंद्रात. ताई तिथल्या निवेदिका. सकाळच्या बातम्या त्यांच्याच. त्यांचा आवाज गावभर जाई, तसाच माझ्यातून त्यांच्या कानांतही येई. माझ्या गाद्या फाटल्या तेव्हा त्यांनी स्वतः नवे कापड शिवले. "हा नसला तर मी बहिरी," असे त्या सगळ्यांना सांगत. मी फुलून जात असे.

मग केंद्रात बोलणारे यंत्र आले. त्याला शिकवायला ताईंकडून पानेच्या पाने वाचून घेतली. त्यांनीही हौसेने वाचली. यंत्र तयार झाल्यावर मालकाने ताईंना घरी बसवले आणि त्यांचा आवाज दुसऱ्या केंद्रांना विकून टाकला. ही विक्री ताईंच्या कानावर आलीच नाही. मी भंगारात निघालो होतो. ताईंनी मला उचलून पिशवीत घातले.

कामासाठी आम्ही खूप हिंडलो. एकीकडे म्हणाले, "थट्टामस्करी करणारं कुणी तरुण हवंय." दुसरीकडे दारातूनच परत पाठवले. तिसऱ्या केंद्रातल्या साहेबाने मात्र मला तिथे जोडून ताईंना वाचायला लावले.

"बाई, आवाज सुरेख आहे हो. पण हा आमच्याकडे आहेच."

त्याने कळ दाबली. माझ्यातून ताईंचा आवाज येऊ लागला. ताईंचे ओठ मिटलेले होते. तो आवाज आजच्या बातम्या सांगत होता, ताईंनी कधीच न वाचलेल्या. माझ्या गाद्यांखाली त्यांचे कान गार पडले.

"यंत्र अडलं तर बोलायला कुणीतरी लागतं," साहेब म्हणाला. "बसाल?"

घर तर चालवायचे होते. ताई "हो" म्हणाल्या.

घरी त्यांची आई रेडिओ कानाशी धरून बसली होती. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही.

"आई, मी आले गं."

"श्श! गप्प बस जरा. माझी लेक बोलतेय."

"अगं, मीच आहे ना!"

आईने त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. मग झटकन हात मागे घेतला.

"मग ती कोण?"



आता ताई रोज काचेच्या खोलीत बसून माझ्यातून स्वतःला ऐकतात. यंत्र काही अडत नाही. कधीकधी त्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलू लागतात. मग त्या तोंडावर हात धरतात.

मित्रांनो, माझी धूळ झटका, असे मी म्हणत नाही. फक्त घरातल्या कुणी हाक मारली, तर मान वळवून त्या माणसाकडे बघा.

काल ताई घरी आल्या तेव्हा आई खुशीत होती. "आज किती छान बोललीस गं! घसा सुकला असेल. पाणी पी."

दिवसभर ताईंच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. त्यांनी पेलाभर पाणी घेतले आणि आईच्या अगदी जवळ बसून, तिला ऐकू जाईल असे, घोट घोट प्यायल्या.