साथियाचा डबा

मी एक जुना केकचा डबा आहे. आता केक माझ्या नशिबात नाही. खिडकीच्या फळीवर पडून असतो, पोटात गंजके खिळे, दोन बटणे आणि कुठल्या तरी हरवलेल्या कुलपाची किल्ली. मित्रांनो, तुम्ही शूर घोडा ऐकला असेल, इमानी कुत्रा ऐकला असेल. घाबरट डबा बहुधा ऐकला नसेल. तो मी. माझी सारी हयात भीतीत गेली आणि त्यातल्या एका संध्याकाळची भीती अजून माझ्या पत्र्यातून गेलेली नाही.

माझा जन्म धुळ्यात, पाचकंदिलाजवळच्या एका बोळात, १९६३ च्या डिसेंबरात झाला. नथ्थू पत्रेवाल्याने वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापला आणि त्यातून आम्हा दोघा जुळ्या भावांना घडवले. कात्री पाहिली तेव्हाच मी अर्धमेला झालो होतो. पुढे हातोडी आली. जोडाला कथलाचा डाग दिला तर तो भट्टीत वितळेल, म्हणून नथ्थूने आमच्या कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या. प्रत्येक ठोक्याला मी किंचाळत होतो. त्याला वाटत होते, पत्रा चांगला वाजतो आहे.

आम्हाला न्यायला दोघी जणी आल्या. एक मार्थाबाई पगारे, मिशनच्या शाळेतल्या शिक्षिका. दुसऱ्या त्यांच्या शेजारीण जतनबाई, जैन किराणा दुकानदार रिखबचंद शेटच्या पत्नी. दोन्ही घरांचा ओटा एकच, मधे फक्त एक लाकडी खांब. दर नाताळाला मार्थाबाईंच्या घरून शेजारी करंज्या जात आणि त्या जतनबाईंना आवडत. केक मात्र जात नसे, कारण त्यात अंडे. म्हणून जतनबाईंनीच युक्ती काढली होती की एक डबा वेगळा करायचा, त्यात दह्याचा, बिनअंड्याचा केक करायचा आणि त्या डब्याला अंड्याचा चमचासुद्धा लावायचा नाही.

नथ्थूने आम्हा दोघांना उलटेसुलटे करून पाहिले आणि डोके खाजवले.

"दोन्ही डबा सारखाच शेतस, बाई. कोनता कोना, कसा वळखशात?"

"आमच्या डब्यावर साथिया काढा," जतनबाई म्हणाल्या. "तळाला."

नथ्थूने खिळा घेतला आणि माझ्या तळावर बाहेरून ठिपक्या-ठिपक्यांनी साथिया, म्हणजे स्वस्तिक, उठवला. तेव्हापासून मी शेजारच्या घराचा झालो. राहायचे मार्थाबाईंकडे, पण वेगळ्या खुंटीला, धुतलेल्या फडक्यात. भाऊ साध्या फळीवर.

मला ती जबाबदारी फार जड वाटे. भावाच्या अंगावरून अंड्याच्या मिश्रणाचा एखादा शिंतोडा आपल्यावर उडेल, या धास्तीने मी फडक्यात अंग चोरून बसे.

डिसेंबर आला की धुळ्यात थंडी पडे आणि आमची निघण्याची वेळ होई. दिवाळीत साऱ्या गावाच्या नानकटाईचे पत्रे पितांबर भट्टीवाल्याकडे जात, तसे नाताळाच्या आदल्या दिवशी आम्ही केकचे डबे जात असू. पितांबर भला माणूस. तो भट्टी झाडून घेई आणि पहिला घाणा माझ्या एकट्याचा लावी. भट्टीचे लाल तोंड समोर आले की मी मनात म्हणे, संपलो आता. मग थोड्या वेळाने बाहेर येई आणि मला स्वतःचेच नवल वाटे.

खरे सांगायचे तर माझा केक बसका होई. भावाचा मात्र टम्म फुगे. लोक त्याच्याकडे बघून वा म्हणत आणि माझ्याकडे बघून "चवीला बरा असेल" म्हणत. मला वाईट वाटे. एकदा, फक्त एकदा आपलाही केक फुगावा, अशी माझी फार इच्छा होती. मित्रांनो, असल्या इच्छा जरा जपून करा.

नाताळाच्या आठवड्यात ओट्यावर मोठी मजा असे. शाळेच्या मैदानात पांढरी चादर बांधून एक सिनेमा दाखवत. त्यात बर्फात हरवलेले कोकरू घरी येते. धुळ्याच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याकडचाच, त्यामुळे एवढा बर्फ फुकट पडतो यावर त्यांचा विश्वास बसत नसे. आणि मार्थाबाईंकडे एक चित्रांचे पुस्तक होते. संध्याकाळच्या आधी त्या ओट्यावर बसून त्यातल्या गोष्टी वाचत. पोरे भोवती बसत. खांबाच्या पलीकडे एक म्हातारी बाई माळ हातात धरून, पाठ करून बसे. या जतनबाईंच्या सासूबाई, धनकुंवरबाई; दोन्ही घरे त्यांना माजी म्हणत. मारवाडातून लग्न होऊन धुळ्यात आल्या त्याला पन्नास वर्षे झाली होती आणि बोलत त्या गावासारखीच अहिराणी. नेम फार कडक. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. परक्या घरचे काहीही तोंडात घालायचे नाही. माझा केक जतनबाई आणि शेट खात. धनकुंवरबाईंनी त्याला कधी बोट लावले नाही.

पण गोष्ट त्या ऐकत. एक लंगडी मेंढी साऱ्यांच्या मागून गोठ्यात पोचते आणि आपल्या अंगाची ऊब बाळ येशूला देते, ती गोष्ट आली की त्यांची माळ थांबे. एकदा त्या पाठ न वळवताच म्हणाल्या, "हाई गोट माले आवडस. हिनामा कोनी कोनले मारत नही."

१९६९ च्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. दुपारी शाळा सुटली की मार्थाबाई त्यांच्या उशाशी बसत आणि तीच मेंढीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचत. तीन आठवड्यांनी म्हातारी उठून बसली. मार्थाबाईंचा हात धरून म्हणाली, "औंदा नाताळले मी बी तुना हातना केक चाखसू."

हे मार्थाबाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितले तेव्हा मी खुंटीवर होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. सत्तर वर्षांचा नेम आणि तो सोडायचा माझ्या भरवशावर!

चोवीस डिसेंबर उजाडला. मार्थाबाईंनी दोन पातेल्यांत मिश्रण केले, मोठ्यात अंड्याचे, लहानात दह्याचे. आम्हा दोघा भावांना घासून ओट्यावर उन्हात पालथे घातले. इतक्यात शाळेतून निरोप आला की सिनेमाची चादर फाटली आहे, शिवायला या. त्या पदर खोचून निघाल्या. यजमान त्या दिवशी घरी होते. शमुवेल पगारे धुळे-चाळीसगाव गाडीचे गार्ड. दर नाताळाला गाडीवर असायचे, या वर्षी पहिल्यांदाच सुट्टी मिळाली होती आणि काहीतरी मदत करायची म्हणून सकाळपासून पायात पायात येत होते.

"तुम्ही ओता आणि भट्टीवर नेऊन द्या," जाताजाता मार्थाबाई म्हणाल्या. "मोठ्या पातेल्यातलं आपलं, लहानातलं जतनबाईंचं. डब्याची खूण बघून ओता हं!"

"खुणेचं मला सांगतेस?" शमुवेल हसले. "आमचं सगळं खुणेवरच चालतं."

आणि तेच नडले. गार्डाची एक लोखंडी पेटी असते. तिच्यात झेंडे, शिट्टी, दिवा. स्टेशनात अशा दहा पेट्या रांगेत असतात, म्हणून प्रत्येक गार्ड आपल्या पेटीवर आपली खूण रंगवतो. खूण असेल ती आपली, नसेल ती दुसऱ्याची. वीस वर्षांची सवय. शमुवेलनी आम्हा पालथ्या भावांकडे पाहिले, माझ्या तळावरच्या साथियावर बोट ठेवले आणि समाधानाने म्हणाले, "ही आपली."

मग त्यांनी मला सरळ केले आणि मोठे पातेले उचलले.

पहिली धार पडली तेव्हाच मला कळले. दह्याचा ओळखीचा आंबूस वास नव्हता. बुळबुळीत, जड, पिवळे काहीतरी माझ्या तळावर पसरत गेले. सहा वर्षे ज्याच्या एका थेंबाला मी भीत होतो, ते आता माझ्या काठापर्यंत आले होते. अहो, थांबा, असे मी ओरडलो. पण डब्याचे ओरडणे कोणाला ऐकू येते? शमुवेल शीळ घालत होते.

भट्टीवर पितांबरने नेहमीप्रमाणे झाडू मारला आणि पहिला मलाच आत सरकवला. मित्रांनो, त्या दिवशी मी देवाकडे काय मागितले सांगू? मला जाळून टाक. केक करपू दे, कोळसा होऊ दे, म्हणजे तो कोणी खाणार नाही. पण पितांबरचा हात फार सराईत. माझा केक फुगला. असा फुगला की काठाच्या वर चार बोटे गेला.

मार्थाबाई शाळेतून थेट भट्टीवर आल्या.

"बाई, औंदा तुम्हना बिनअंड्याना बी मस्त फुगना!" पितांबर म्हणाला.

"दही चांगलं लागलं असेल," त्या हसून म्हणाल्या. मला त्यांनी फडक्यात गुंडाळले. त्यांच्या हाताची ऊब लागत होती आणि मी आतून गार पडलो होतो. सहा वर्षे जे कौतुक हवे होते ते आज मिळत होते. कुठे ठेवू ते कळत नव्हते.

ओट्यावर त्यांनी मला जतनबाईंच्या हाती दिले. "माजींना दिवस मावळायच्या आत द्या. मी साडी बदलून येते, मग सिनेमाला जाऊ." त्या आपल्या दारात शिरल्या. खांबाच्या पलीकडचे दार माझ्यामागे लोटले गेले.

धनकुंवरबाई पाटावर बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर मावळतीच्या उन्हाचा पट्टा वर वर सरकत होता. जतनबाईंनी सुरीने केक कापला आणि एक तुकडा सासूबाईंच्या हातात ठेवला. घरातल्या थोरांनी तोंड लावल्याशिवाय इतरांनी खायचे नाही, म्हणून त्या स्वतः थांबल्या.

"किती हलका झालाय, बघा ना!" जतनबाई म्हणाल्या.

धनकुंवरबाईंनी तुकडा तळहातावर घेतला, डोळे मिटले. तोंडात काही घालण्याआधी तीन वेळा नवकार मंत्र म्हणायचा त्यांचा नेम. पहिला नवकार सुरू झाला. मी पाटापासून हातभर अंतरावर होतो. मला पाय असते तर मी उडी मारून तो तुकडा पाडला असता. पहिला संपला. दुसरा सुरू झाला. मी माझ्या तळावरच्या साथियाला म्हणालो, तू तरी काही कर, तू त्यांचा आहेस. दुसरा संपला. तिसरा त्यांनी सावकाश म्हटला. मग डोळे उघडले आणि हात तोंडाकडे नेला.

दार धाडकन उघडले.

"माजी, थांबा! खाऊ नका!"

मार्थाबाई दारात उभ्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मागे शमुवेल, मान खाली घातलेले. घरी त्यांनी भट्टीवरून मागाहून आलेल्या भावातल्या केकचा तुकडा तोंडात टाकला होता आणि यंदा केक आंबट कसा लागतो, असे विचारले होते. तेवढ्यावरून मार्थाबाईंना सगळे समजले होते.

"त्यात अंडं आहे, माजी," त्या म्हणाल्या. "डबे बदलले. चूक आमच्या घरची. मी सांगताना नीट सांगितलं नाही, आणि घेताना चाखूनही पाहिलं नाही."

जतनबाईंच्या हातातली सुरी खाली पडली. मार्थाबाई काय गमावून बसणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो ओटा, त्या गोष्टी, पाठ करून बसलेली ती म्हातारी. गप्प राहिल्या असत्या तर कोणालाही कळले नसते, आणि तरी त्या आल्या होत्या. भीतीने मला वाटले, आता हा तुकडा माझ्यासकट रस्त्यावर भिरकावला जाईल.

धनकुंवरबाईंनी तुकडा फेकला नाही. हळूच परत माझ्यात ठेवला. तांब्या घेऊन हात धुतले, पदराला पुसले. मग बराच वेळ मार्थाबाईंच्या अनवाणी पायाकडे पाहत राहिल्या.

"तू सांगती नही, ते माले कसं समजतं?" त्या म्हणाल्या.

मार्थाबाईंना हुंदका आला.

"रडू नको, माय. तुना घरमा साखर शे ना? चिमूटभर ली ये. दिन बुडाना पहिले ली ये."

मार्थाबाई धावत गेल्या, धावत आल्या. उन्हाचा पट्टा भिंतीच्या टोकाला बोटभर उरला होता. म्हातारीने तळहात पुढे केला, साखर घेतली आणि मार्थाबाईंच्या डोळ्यांत बघत ती तोंडात टाकली. सत्तर वर्षांत परक्या घरचा तो पहिला घास. मग म्हणाल्या, "आते जाय, तुना सिनेमाले उशीर व्हई."

माझ्यातला केक त्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात पोरांनी खाल्ला. फार उत्तम झाला होता म्हणे. मी ऐकले नाही, मी अजून थरथरत होतो.

पुढच्या वर्षी नथ्थूकडून नवा डबा आला. त्याच्या अंगावर, सगळ्यांना दिसेल असे, शमुवेलनी आपल्या पेटीच्या पांढऱ्या रंगाने 'धनकुंवरबाई' लिहिले. त्या डब्यातला बसका, आंबूस केक म्हातारीने पुढचे तीन नाताळ खाल्ला आणि मग ती गेली. मी अंड्याच्या केकचा डबा झालो. फडके गेले, खुंटी गेली. पुढे कड उसवली, गंज चढला, आणि केकच्या जागी खिळे आले. तळावरचा साथिया तेवढा आहे. तो कोणी ठोकून काढला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, असे सांगायला मी आलो नाही. ते तर कोणीही सांगेल. मला एवढेच सांगायचे आहे की त्या घरात सगळे आधी कळले होते ते फक्त मला, आणि सांगता येत नव्हते तेही मलाच. तुम्हाला बोलता येते. चूक तुमची असेल, लाज वाटत असेल, भीतीने पाय कापत असतील, तरी समोरच्याचा हात तोंडाशी जायच्या आत सांगा. दुसरी चप्पल सापडत नसेल तर एका चपलेने जा.

अजूनही संध्याकाळी ओट्यावर कोणी घाईने चालत आले की मी कान देतो. एक पाऊल चपलेचे आणि एक अनवाणी, असा तो आवाज आहे का, ते ऐकतो.