ओळखीत बिल नसतं

श्रीवत्सची कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून ख्याती एका खोडरबरावर उभी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजच्या ऑफिसातला कॉम्प्युटर ऐन परीक्षेच्या फॉर्मांच्या गडबडीत बंद पडला. वाणिज्य शिकवणाऱ्या श्रीवत्सनं कुठंतरी वाचलेलं आठवून झाकण उघडलं, आतली रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले आणि ती परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून हुबळीच्या देशपांडे नगरात विजेवर चालणारं काहीही बंद पडलं की श्रीवत्सला बोलावणं येई. मिक्सरसाठीसुद्धा येई. तो गंभीर चेहऱ्यानं पाहणी करी, "सप्लायचा प्रॉब्लेम दिसतो" म्हणे आणि चहा पिऊन परत येई. मागाहून मेकॅनिक येऊन काय ते करी, पण लोक नाव श्रीवत्सचंच घेत.

"अहो, त्या खोडरबराची पुण्याई अजून किती वर्षं पुरवणार?" असं त्याची बायको मधुवंती अधूनमधून विचारी. श्रीवत्स हसून वेळ मारून नेई.

त्या पुण्याईची खरी परीक्षा वादिराजनं पाहिली. वादिराज हा श्रीवत्सचा शाळेपासूनचा मित्र. एका जुन्या छापखान्यात तो जन्मभर मुद्रितं तपासत होता, मराठी आणि कानडी दोन्ही. छापखाना बंद पडला आणि पन्नाशी ओलांडलेला वादिराज घरी बसला. मग एका लग्नपत्रिकावाल्यानं त्याला सांगितलं, घरी कॉम्प्युटर असेल तर दोन्ही भाषांतल्या पत्रिका मांडायचं काम देतो. आधी एक पत्रिका वेळेवर करून दाखवा, जमलं तर तुळशीच्या लग्नापासूनचा सगळा हंगाम तुमचा. वादिराजनं साठवणीतले पस्तीस हजार आणून श्रीवत्सच्या हातात ठेवले.

"यात सगळं बसव," तो म्हणाला. "भारी नको, पण दगा देणारं नको. हे गेलं तर माझ्याजवळ दुसरे नाहीत बघ."

श्रीवत्सचे डोळे भरून आले. त्यानं कामाला जे वाहून घेतलं, ते मधुवंतीनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. जेवताना मोबाईलवरच्या व्हिडिओत एक दाढीवाला कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून दाखवत असे, झोपताना दुसरा बंद करत असे. गेम खेळायचे नाहीत, तेव्हा महागडं ग्राफिक्स कार्ड नको. प्रोसेसर साधा, बोर्ड तीन वर्षं वॉरंटीचा, डिस्क नामांकित कंपनीची. आणि सप्लायमध्ये काटकसर नाही म्हणजे नाही. आत वीज पुरवणारा तो लोखंडी डबा हा श्रीवत्सचा लाडका विषय होता.

"कॉम्प्युटर माणसासारखाच की रे," तो वादिराजला समजावी. "डोकं कितीही चालू दे, पोट बिघडलं की माणूस आडवा. सप्लाय म्हणजे पोट. आमच्याकडं खंडेनवमीला कुंकूसुद्धा त्यालाच. आपल्याकडं पावसाळ्यात वीज जाते, येते, येताना धक्का देऊन येते. हलका सप्लाय असला की स्वतः जळतो आणि जाताना बोर्डालाही घेऊन जातो. चांगला सप्लाय हातात घेतला की जड लागतो, एवढं लक्षात ठेव."

वादिराजनं ते इतकं लक्षात ठेवलं की पुढं ते श्रीवत्सच्याच अंगाशी आलं.

आता वस्तू ठरल्या, दुकान राहिलं. हुबळीत माणूस दुकानात जात नाही, ओळखीच्या दुकानात जातो. चप्पल घ्यायची तरी कुणाचा तरी मावसभाऊ शोधतात, तिथं पस्तीस हजारांची गोष्ट परक्याच्या हाती कोण देणार? श्रीवत्सचा सहकारी राघवेंद्र, त्याच्या बायकोचा भाऊ मंजुनाथ याचं लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. एवढं जवळचं नातं निघाल्यावर पुढं काही चौकशी करणं बरं दिसलं नसतं.

"कूडरी सर, कूडरी. आधी चहा," मंजुनाथनं खुर्च्या पुढं ओढल्या. "भावजींचा फोन आला होता. सर नम्मवरु. आपले म्हटल्यावर आपलेच."

चहा आला, चहामागून मिरची भजी आली. भजी खाल्ल्यावर किमतीत घासाघीस करणं श्रीवत्सला जमेना. तरी त्यानं घसा साफ करून सप्लायचा विषय काढला. कंपनीचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं.

मंजुनाथला मनापासून वाईट वाटलं. "त्याला वेगळे पैसे कशाला घालता सर? कॅबिनेटबरोबर सप्लाय देतो की. फुकट. तुमच्याकडून मी सप्लायचे पैसे घेऊ? अक्का मला घरात घेईल का?"

त्यानं डबा श्रीवत्सच्या हातात दिला. डबा रिकाम्या टिफिनसारखा हलका होता. श्रीवत्सनं तो तळहातावर तोलला, पुन्हा तोलला. हे बरं नव्हे, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. पण समोरचा माणूस प्रेमानं देत होता, तोंडात भज्याची चव होती, आणि शेजारी बसलेल्या वादिराजचा चेहरा पैसे वाचल्यामुळं उजळला होता. श्रीवत्सच्या जिभेवर आलेलं वाक्य परत पोटात गेलं.

"बिल?" त्यानं शेवटी इतक्या हळू विचारलं की मंजुनाथला ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं.

"आपल्यात बिल कसलं हो सर? पक्कं बिल केलं की वर टॅक्स लागतो. काही झालं तर मी आहे की इथं."

त्याच सकाळी श्रीवत्सनं वर्गात ग्राहकाची कर्तव्यं शिकवली होती. बिल घेणं हे पहिलं कर्तव्य, पेपरात हमखास येतं, अधोरेखित करा, असंही बजावलं होतं. आता तो "छे छे, तसं नव्हे, सहज विचारलं" असं म्हणून उठला. हलक्या सप्लायसकट कॉम्प्युटर वादिराजच्या घरी जाऊन बसला.

पहिला महिना उत्तम गेला. वादिराज रोज अंघोळ करून, गंध लावून त्याच्यासमोर बसे. पत्रिका मोठ्या घराची होती. खाली प्रेषक म्हणून दोन्हीकडचे मामा, काका, आत्या, त्यांचे जावई अशी नावांची रांग होती, आणि त्यातलं एक जरी गळलं तरी लग्नाआधी भांडण ठरलेलं. वादिराजनं सगळी नावं दोन्ही लिपींत बसवली. दुसऱ्या दिवशी पत्रिका द्यायची होती, आणि त्या दुपारी वीज गेली. थोड्या वेळानं आली, ती धक्का देऊन आली. कॅबिनेटच्या मागून एक बारीकसा आवाज आला आणि घरभर जळकट वास सुटला.

श्रीवत्स पोचला तेव्हा वादिराज हात मांडीवर ठेवून बसला होता.

"गेलं का रे सगळं?" त्यानं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच श्रीवत्सला "सप्लायचा प्रॉब्लेम दिसतो" हे वाक्य खरं असूनही म्हणवेना. "बघतो मी," एवढं बोलून त्यानं कॅबिनेट स्कूटरवर पुढ्यात घेतलं आणि तडक मंजुनाथचं दुकान गाठलं. वाटेत त्यानं बोलायची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. बोर्डाला वॉरंटी आहे, वॉरंटीला बिल लागतं, बिल तुम्ही दिलं नाही, सप्लाय तुमचा होता.

"कूडरी सर," मंजुनाथ म्हणाला आणि चहा आला.

फुकट दिलेल्या वस्तूची तक्रार कुठल्या तोंडानं करायची? मंजुनाथ आपण होऊन राघवेंद्राच्या मुलीच्या बारशाला येण्याचा आग्रह करत होता. श्रीवत्सनं हवापाण्याच्या गोष्टी केल्या, कॅबिनेट स्कूटरवरच असल्याचं सांगितलंही नाही. निघताना मंजुनाथनं त्याच्या हातात एक माऊस कोंबला. "राहू दे सर, आपल्या वादिराजसरांना द्या. पैसे विचारू नका." श्रीवत्सनं तो घेतला. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःची इतकी चीड आली की स्कूटरला किल्ली लावायचं सुधरेना.

घरी त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. ट्रेनिंगला गेला असताना बेंगळुरूच्या एका दुकानातून त्यानं तो सुटा सुटा घेतला होता. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. दुकानदारानं मान वर करून पाहिलं नाही, चहा विचारला नाही, बिल फाडलं आणि खोकी पुढं सरकवली. तेव्हा श्रीवत्सला तो माणूस फार माणूसघाणा वाटला होता. त्याचा कॉम्प्युटर एवढ्या वर्षांत एकदाही कुरकुरला नव्हता.

श्रीवत्सनं तो उघडला. प्रोसेसर-रॅमसकट बोर्ड काढला, जड सप्लाय काढला, आणि दोन्ही वादिराजच्या कॅबिनेटमध्ये बसवले. वादिराजची डिस्क शाबूत होती, त्यामुळं पत्रिका वाचली.

मधुवंती दारात उभी राहून बघत होती. "आणि तुम्ही कशावर काम करणार?"

"मोबाईल आहे की."

"मंजुनाथला दोन शब्द सुनावणं यापेक्षा स्वस्त पडलं असतं," ती म्हणाली आणि आत गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं. श्रीवत्सनं शेवटचा स्क्रू आवळला.

संध्याकाळी वादिराजच्या घरी कॉम्प्युटर सुरू झाला आणि सगळे मामा-काका जागच्या जागी दिसले. वादिराजनं श्रीवत्सचे दोन्ही हात धरले. "काय झालं होतं रे?"

"काही नाही. रॅम सैल झाली होती," श्रीवत्स म्हणाला. "खोडरबर मारला."

पत्रिका वेळेवर गेली, हंगामाचं काम मिळालं आणि त्याच्या पत्रिका आधीपासूनच येऊ लागल्या. वादिराजच्या घरात पुन्हा महिन्याच्या महिन्याला वाणसामान येऊ लागलं आणि श्रीवत्सला त्याचं मनापासून समाधान होतं. पण वादिराज कृतज्ञ माणूस. खोबऱ्याच्या वड्या घेऊन तो मंजुनाथकडं गेला, आणि भेटेल त्याला सांगत सुटला, की कॉम्प्युटर घ्यावा तर मंजुनाथकडून, सप्लाय फुकट देतो, माझा बघा कसा चालतो. त्याचं ऐकून त्याच्या शेजारच्या अनुसयाबाईंनी मुलीसाठी तिथूनच कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. ब्लाउज शिवून पैसे साठवणारी बाई. ती सल्ला विचारायला आली तेव्हा श्रीवत्सनं तिला "थांबा, भाव उतरतील" असं सांगून टोलवलं. एकदा टोलवलं, दोनदा टोलवलं. तिला खरं सांगायचं तर आधी वादिराजला त्याच्या कॉम्प्युटरमधला बोर्ड आणि सप्लाय कुणाचा हे सांगावं लागलं असतं, आणि ते ओठांवर येत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. ज्यावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा करायची, आणि वादिराज पूजेच्या बाबतीत छापखान्यातल्यासारखाच काटेकोर. कॅबिनेटच्या पत्र्यावर कुंकू लावून त्याचं समाधान होईना. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यानं झाकण उघडलं.

दुपारी तो श्रीवत्सकडं आला तेव्हा त्याच्या बोटांना हळदकुंकू तसंच होतं. तो थेट आतल्या टेबलापाशी गेला. मधुवंतीनं रिवाज म्हणून श्रीवत्सच्या कॅबिनेटचीही पूजा केली होती, वर झेंडूचं फूल होतं. वादिराजनं कॅबिनेट एका हातानं उचललं.

"हलकं आहे रे," तो म्हणाला.

श्रीवत्सनं खाली पडलेलं झेंडूचं फूल उचललं.

"माझा सप्लाय नवा. यंदाची त्याची पहिली पूजा. मग त्याच्यावर कुंकवाचे थरावर थर कसे? मधल्या थरात अक्षतासुद्धा आहेत." वादिराजनं कॅबिनेट खाली ठेवलं. "वहिनी दरवर्षी सप्लायलाच कुंकू लावतात. पोट म्हणून. तूच सांगितलं होतंस मला."

"जळला होता तुझा," श्रीवत्स म्हणाला. "बोर्डही गेला. बिल नव्हतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"भीड वाटली."

"माझी?"

"तुझी, मंजुनाथची, राघवेंद्राची. सगळ्यांचीच वाटते रे मला."

वादिराज खुर्चीत बसला. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग त्याला आठवलं. "अनुसयाबाई आज मंजुनाथकडं जाणार आहेत. दसऱ्याला घरी आणायचा म्हणून. मीच पाठवलं त्यांना." तो उठला. "चल."

"जाऊन काय करणार?"

"बिल मागणार. एकट्याला जमत नाही ते, दोघं लागतात."

दुकानासमोर फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवात भिजलेला लगदा पडला होता. आत अनुसयाबाई पदराखाली पाकीट धरून बसल्या होत्या आणि काउंटरवर तसाच हलका डबा होता.

"कूडरी सर, कूडरी," मंजुनाथ म्हणाला. "लगेच चहा सांगतो."

वादिराजनं श्रीवत्सकडं पाहिलं.

"चहा नको," श्रीवत्स म्हणाला. "यांना जड सप्लाय द्या, पैसे घेऊन द्या. आणि सगळ्याचं पक्कं बिल."

मंजुनाथचा हात फोनवरच राहिला. तो दुखावला होता, आणि ते नाटक नव्हतं. "असं परक्यासारखं काय बोलता सर? आपण ओळखीचे."

"आज मला अनोळखी समजा."

"मलाही," वादिराज म्हणाला.

मंजुनाथनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग सगळ्यात खालचा खण ओढला, बिलबुक काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि मागच्या फळीवरून दुसरं खोकं खाली घेतलं. मान वर न करता त्यानं अनुसयाबाईंना पूर्ण नाव विचारलं.

चहा आला नाही. श्रीवत्सनं खोकं उचलून अनुसयाबाईंच्या हातात दिलं, तेव्हा त्यांना ते सांभाळायला दोन्ही हात लावावे लागले.